खराट्याचा शेवटचा अंक

आमच्या हॉबर्ट लँडिंग गावात निवडणुकीच्या वर्षी दोन जास्तीची वर्तमानपत्रं निघतात. उन्हाळ्यात जन्माला येतात आणि मतदान झालं की मरतात. त्यांचं काम एकच, आपल्या माणसाला डोक्यावर घ्यायचं आणि समोरच्याला चिखलात लोळवायचं. अठराशे चाळीस साली व्हिग पक्षाच्या पत्राचं नाव होतं 'खराटा', कारण त्यांना म्हणे सगळं राज्य झाडून काढायचं होतं. मग समोरच्या डेमोक्रॅट पक्षाने लगेच 'सोटा' काढला. खराटा आणि सोटा! शहाणीसुरती माणसं त्यावरून चर्चच्या दारात एकमेकांच्या गळ्यातले रुमाल ओढत होती.

मी टॅबिथा स्लोकम. कालव्याच्या धक्क्याला लागून माझी खानावळ आहे, वरच्या मजल्यावर उतारूंच्या खोल्या. माझा नवरा डेमोक्रॅट होता, तो तसाच मेला, त्यामुळे माझं घरही डेमोक्रॅटांचं समजतात. मला कुणी विचारलेलं नाही. बाईला मत नाही, तर मी कशाला कुणाची असू? पण आमच्याकडे प्रत्येकाला कुठल्यातरी बाजूला ढकलल्याशिवाय लोकांना जेवण जात नाही. लोहार व्हिगांचा, चांभार डेमोक्रॅटांचा, पाद्री व्हिगांचा. डेमोक्रॅटाने बाहेर पाऊस पडतोय असं सांगितलं, तर व्हिग खिडकीतून बघायचाही नाही, तसाच भिजत जाईल.

खराट्याचा संपादक लेम्युएल स्ट्रेक. त्याला व्हिगांच्या कमिटीने रॉचेस्टरहून भाड्याने आणला होता. पक्ष काहीही असो, त्याला ढेकूण नसलेलं अंथरूण हवं होतं, म्हणून तो माझ्याकडे उतरला. दिसायला गोड. बोलताना टोपी काढायचा, माझ्या मक्याच्या भाकरीची तारीफ करायचा, आणि त्याच टेबलावर बसून लोकांच्या आयाबहिणी काढायचा. वर मलाच वाचून दाखवायचा, की बघा स्लोकमबाई, जमलंय का.

या पत्रांचा एक रिवाज आहे. सगळ्यात मोठं खोटं शेवटच्या अंकासाठी राखून ठेवायचं. शेवटच्या अंकातच उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी छापलेली असते. ती कात्रीने कापायची आणि मतपेटीपाशी जाऊन द्यायची, म्हणून तो अंक झाडून सगळे घेतात. समोरच्या पत्राला उत्तर छापायला वेळ उरत नाही. आणि नंतर कुणी कितीही ओरडलं, तरी चूक कबूल करायला पुढचा अंकच नसतो. स्ट्रेक म्हणायचा, "रोजच्या पत्राला उद्या असतो, म्हणून ते घाबरतं. माझ्या पत्राला उद्याच नाही."

त्या वर्षी डेमोक्रॅटांतर्फे राज्याच्या विधानसभेला उभा होता जोथम क्रॅन्डल. नदीवरची पिठाची गिरणी त्याची. माणूस हट्टी, तापट, पण मापात कधी चोरी केली नाही. डाव्या हाताची करंगळी गिरणीच्या दातांनी खाल्लेली, ते गावात सगळ्यांना माहीत. बायको डॉर्कस, पोरंबाळं नाहीत. अशा माणसात काय खोट काढणार? स्ट्रेक आणि कमिटीचा मुख्य कर्नल व्हीलॉक एका दुपारी माझ्या टेबलावर त्याचाच विचार करत बसले होते. मी घेवडा आणि खारवलेलं डुकराचं मांस वाढत होते.

स्ट्रेक म्हणाला, याला एक बायको द्यायला हवी. पहिली बायको, टाकलेली. कुठली? पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातली, तिकडे कोण जातंय खात्री करायला. पोरं किती? दोन. एक ठेवलं तर लोकांना पुरेसं वाईट वाटत नाही, तीन ठेवली तर त्यांना त्या बाईचाच राग येतो. आणि हा घरातून कसा गेला? त्याने टेबलावरची मिठाची वाटी पुढे ओढली. "मीठ आणायला जातो म्हणून गेला," तो म्हणाला. करंगळी मात्र त्याने खरी ठेवली.

मी वाढता वाढता म्हटलं, लाज वाटत नाही का? स्ट्रेक रागावला नाही. त्याने मला समजावून सांगितलं. म्हणाला, शरद ऋतूत मांस खारवायचं मीठ आणायला कुणाच्या घरचा माणूस जात नाही? कुणाला यायला उशीर होत नाही? जिच्या कानावर हे पडेल त्या प्रत्येक बाईच्या पोटात गोळा येईल. बाईच्या पोटात गोळा आला की नवऱ्याच्या हातातली चिठ्ठी बदलते. कर्नल इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. आपलं सरकार येऊ दे, या गावच्या पोस्टमास्तरची जागा तुझी, असं त्याने तिथल्या तिथे कबूल केलं.

शेवटचा अंक निघाला आणि क्रॅन्डल पडला. सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, पिऊन तर्र झालेलं व्हिगांचं टोळकं त्याच्या गिरणीवर गेलं आणि "मीठ आणलंस का रे?" असं ओरडत खिडक्या फोडून आलं. चर्चमध्ये डॉर्कस बाकावर बसली की शेजारच्या बायका उठून जायच्या. लग्नाची बायको ती, पण तिला दुसरी म्हणायला लागले. क्रॅन्डलने दाराला अडसर लावला आणि बाहेर पडणं सोडलं. आमच्या आठवड्याच्या नेहमीच्या पत्राचा मालकही व्हिगच, त्याने क्रॅन्डलचा खुलासा छापायला साफ नकार दिला. खराटा बंद, सोटाही बंद. छपाईचे खिळे पेट्यांत जाऊन पडले होते आणि खरं छापणारं कुणी उरलं नव्हतं.

खोटं मात्र फिरतच होतं. संपादक लोक एकमेकांना आपापली पत्रं टपालाने फुकट पाठवतात आणि दुसऱ्याचं कात्रीने कापून आपल्यात छापतात. स्ट्रेकची गोष्ट अशी गावोगाव गेली. जाता जाता पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातही पोचली, जिथे कुणी जाणार नाही असं तो म्हणाला होता.

नोव्हेंबर सरत आला होता. हिवाळ्यासाठी कालव्याचं पाणी सोडून दिलं होतं, धक्का रिकामा. सकाळी दारात एक बाई उभी. बूट फाटलेले, त्यांच्यावर पोत्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या. मी तिला चुलीपाशी बसवलं, सूप दिलं. नाव म्हणाली हुल्डा पार्मली. पेनसिल्व्हेनियातून चालत आली होती. जोथम क्रॅन्डलची गिरणी कुठे, असं तिने विचारलं. मी म्हटलं, त्याच्याकडे काय काम?

तिने पोलक्याच्या आतल्या बाजूचे टाके उसवून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. तिला वाचता येत नव्हतं, तिच्या गावच्या पाद्र्याने वाचून दाखवलं होतं तेवढ्यावर तिला सगळं तोंडपाठ होतं. तिचा एनॉक लाकूडतोड्या, डाव्या हाताची करंगळी करवतीने गेलेली. चार हिवाळ्यांपूर्वी मीठ आणायला जातो म्हणून गेला तो गेलाच. मागे दोन पोरं होती, दोन्ही घशाच्या रोगाने गेली. एनॉकला ते माहीतसुद्धा नाही. "मी भांडायला आले नाही, बाई," ती म्हणाली. "नाव बदलून दुसरी केली असेल तर असू दे. पोरं गेली एवढं त्याला सांगायचंय. एकटीने किती दिवस रडायचं?"

मला इतका संताप आला की काय सांगू. मी तिला सगळं सांगितलं. याच टेबलावर, याच खुर्चीत बसून त्या हलकटाने ही गोष्ट रचली, माझ्या देखत, घेवडा खात. करंगळी तेवढी खरी, बाकी एक अक्षर खरं नाही. आमच्या भागात करवतीने आणि गिरणीने बोटं गेलेले पुरुष दर मैलाला भेटतात.

तिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "तुमचं घर कुठल्या पक्षाचं, बाई?"

 भिंतीवर नवऱ्याने लावलेली डेमोक्रॅटांची पताका तशीच होती. तिने पताकेकडे पाहिलं, सूप संपवलं, वाडगा धुऊन ठेवला आणि माझे आभार मानून गिरणीच्या वाटेला लागली. तिच्या गावात सगळे व्हिग होते. डेमोक्रॅट खोटं बोलतात हे ती येशूच्या नावाबरोबरच शिकली होती.

क्रॅन्डल दार उघडेना. त्याला वाटलं, व्हिगांनी नाटकासाठी बाई भाड्याने आणली. बाहेर आलो आणि ती चारचौघांत 'हाच तो' म्हणाली, की संपलो. त्याने आधी खिडकीतून शिव्या दिल्या, मग कुत्रा सोडला. कुत्र्याने तिचा घागरा फाडला. ती फाटकाबाहेर जाऊन एका मोडक्या जात्यावर बसली. दार उघडत नाही म्हणजे आत एनॉकच आहे, याची तिला आता खात्रीच पटली. बर्फाळ पाऊस पडत होता. बघायला माणसं जमली, आणि त्यातल्या एकालाही तिला आत न्यावंसं वाटलं नाही. क्रॅन्डलचं कसं उघडं पडतंय, यातच सगळे खूश.

दुसऱ्या दिवशीही ती तिथेच. मग मात्र मी गेले. दारावर लाथ घातली आणि तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, जोथम, ती बाई थंडीने तुझ्या फाटकात मेली तर स्ट्रेकला एक ओळ खोटी लिहावी लागणार नाही. तो आतून ओरडला की माझा विश्वास कुणावरच नाही, तुझ्यावरही नाही, तुझ्या खाटेवर तो साप झोपतो. शेवटी डॉर्कसनेच अडसर काढला. त्या बिचारीने नवऱ्याला बाहीला धरून ओढत फाटकापर्यंत आणलं.

हुल्डा उठली. तिने आधी त्याचा हात हातात घेतला, करंगळीच्या खुंटावरून अंगठा फिरवला. मग वर पाहिलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"हा नाही," ती म्हणाली.

तो तापट माणूस तिथे चिखलात गुडघे टेकून रडला. म्हणाला, ताई, एवढं गावात येऊन सांग. ती लगेच निघाली. कोर्टाच्या पायरीवर उभी राहून तिने सांगितलं की हा माझा माणूस नाही, मी याला कधी पाहिलेला नाही. लोक हसले. कुणी विचारलं, डेमोक्रॅटांनी काय दिलं ग? दुसरा म्हणाला, कालपर्यंत नवरा होता, आज पीठ मिळालं वाटतं. पाद्र्याने, त्या आमच्या व्हिग पाद्र्याने, पैशासाठी नवऱ्याला नाकारणाऱ्या बायकांवर रविवारी बोलेन असं तिच्या तोंडावर सांगितलं. तिला त्यातलं काही लागलंच नाही. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

ती माझ्या खानावळीत आली. दुपारची जेवणं चालली होती. स्ट्रेक, कर्नल व्हीलॉक आणि कमिटीचे दोघे टेबलावर होते. स्ट्रेकच्या पोस्टाच्या शिफारशीवर त्याच दिवशी सह्या व्हायच्या होत्या. हुल्डा सरळ त्याच्यापुढे उभी राहिली.

"साहेब, माणूस चुकीचा निघाला. पण बाकी सगळं बरोबर आहे. मीठ, दोन पोरं. हे तुम्हाला कुणी सांगितलं? ज्याने सांगितलं त्याने माझ्या एनॉकला पाहिलंय."

 खरं सांगते, स्ट्रेकचा चेहरा उतरला. आपण हवेतून काढलेली बाई अंगावर पाऊस घेऊन समोर उभी राहील, हे त्याच्या कधी मनात आलं नसेल. मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन म्हटलं, "सांग तिला. कुणी सांगितलं नाही म्हणून सांग. मनाने रचलं म्हणून सांग. एवढं एकच वाक्य, स्ट्रेक, मग ती घरी जाईल."

त्याने कर्नलकडे पाहिलं. कर्नल आपल्या भाकरीला लोणी लावत होता, पण हात हळू चालत होता. रचलं म्हणून चारचौघांत कबूल करणारा संपादक पक्षाच्या काय कामाचा? सोट्यावाले ते वाक्य पुढची वीस वर्षं वाजवत बसले असते.

स्ट्रेक उभा राहिला. टोपी डोक्यावर नव्हतीच, तरी हात तिकडे गेला. अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाई, खराट्यात छापलेला शब्दन् शब्द खरा आहे. बोटीवर एक माणूस भेटला होता, त्याने सांगितलं. नाव लावण्यात त्याचा घोटाळा झाला असेल. तो शिशाच्या खाणींवरून आला होता, इलिनॉयमधून. तुमचा माणूस तिथेच असेल."

हुल्डाने त्याचा हात धरला आणि त्याला ओठ लावले. देव तुमचं भलं करो, म्हणाली. कमिटीतल्या एकाला ठसका लागला. कर्नलने लोणी लावून पूर्ण केलं.

मी तिच्या मागे दारापर्यंत धावले. बर्फ सुरू झालंय, वाटेतल्या सरोवरावरच्या बोटी बंद झाल्यात, इलिनॉय म्हणजे काही शेजारचं शेत नाही, सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात राहा, वसंतात जा, मला हाताखाली बाई हवीच आहे. तिने माझ्या नवऱ्याचे जुने बूट तेवढे घेतले. मी म्हटलं, निदान ते कात्रण फेकून दे, त्यात दुसऱ्याचं नाव आहे. "नाव तेवढं चुकलंय," ती म्हणाली, "बाकी सगळा तोच आहे." आणि टाके घालायला माझ्याकडून सुई मागून घेतली. चार वर्षांत मी पहिल्यांदाच गरम जेवले म्हणाली, आणि हसली. मी अशी खूश बाई क्वचित पाहिली आहे.

परत आले तर स्ट्रेक जेवत होता. मी त्याची थाळी ओढून घेतली. तो म्हणाला, "रागावू नका, स्लोकमबाई. तुम्ही तिला रडवून घरी पाठवलं असतं. माझ्याकडून हसत गेली की नाही?" त्याच दिवशी मी त्याची पेटी जिन्यावरून खाली फेकली. त्याचं काय अडलं? कर्नलच्या घरी राहायला गेला, आणि सरकार बदलल्यावर पोस्टाच्या खिडकीत जाऊन बसला.

वसंतात बर्फ वितळलं तेव्हा बफेलोच्या वाटेवर एका गावाबाहेर कुंपणाला टेकून बसलेली ती सापडली. तिथली माणसं चांगली. त्यांनी तिला धुतलं, पुसलं, स्वतःच्या दफनभूमीत जागा दिली. ती कोण, कुठली, हे कळायला तिच्या अंगावर एकच गोष्ट होती, पोलक्यात शिवलेलं कात्रण. त्यांनी ते वाचलं. मग फळीवर अक्षरं कोरली, 'जोथम क्रॅन्डलची बायको, त्याने टाकलेली', आणि तिचं बोचकं टपालाने हॉबर्ट लँडिंगला पाठवून दिलं.

ते घ्यायला डॉर्कस गेली. वर 'मिसेस क्रॅन्डल यांच्या वस्तू' असं लिहिलं होतं. स्ट्रेकने ते खिडकीतून तिच्या हातात दिलं आणि टोपी काढली. आत माझ्या नवऱ्याचे बूट होते. त्या गावच्या पत्राने ती बातमी छापली, आमच्या आठवड्याच्या पत्राने कात्रीने कापून तीच पुन्हा छापली, आणि ज्या दोनचार लोकांना अजून शंका होती त्यांचीही मिटली. बाई मेली, पुरलीसुद्धा, आता आणखी काय पुरावा हवा?

मी पोस्टात गेले. म्हटलं, त्या गावाला दोन ओळी लिही, निदान फळी तरी बदलतील. स्ट्रेक पत्रं निवडत होता. म्हणाला, "खराटा केव्हाच बंद झाला, स्लोकमबाई. मी आता सरकारी माणूस. निवडणुकीतल्या गोष्टींवर मला बोलता येत नाही."

क्रॅन्डल स्वतः कुऱ्हाड घेऊन गेला ती फळी काढायला. तिथल्या लोकांनी त्याला दगड मारून हाकललं. जिवंतपणी घरात घेतलं नाहीस, आता मेल्यावर नावही काढून घेतोस का, म्हणाले. एक दगड डोळ्याला लागला. तेव्हापासून गिरणी डॉर्कस चालवते.

फळी अजून तिथेच आहे. तिथल्या बायका मे महिन्यात तिच्यावर फुलं ठेवतात असं गाडीवाले सांगतात. एनॉक पार्मली कुठे असलाच आणि कधी मीठ घेऊन परत आलाच, तर त्याला तिची जागा दाखवायला मी आहे. पोरांचंही मीच सांगेन. फक्त तो व्हिग नसला म्हणजे मिळवली, नाहीतर आधी माझ्या भिंतीवरच्या पताकेकडे बघेल.